पणजोबांचे विलायती घड्याळ : मोडीत घालण्यापूर्वी

वाटणीच्या वेळी शेताचे बांध पडतात, घराच्या भिंती उभ्या राहतात, दुकानाची गादी एकाने ठेवून दुसऱ्याला तिचे मोलही देता येते. अडचण येते ती लहान वस्तूंपाशी. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव या भागातील जुन्या मालगुजारांच्या वाड्यांतून आणि व्यापारी घराण्यांच्या तिजोऱ्यांतून अशा वेळी कधी कधी एखादे जाडजूड, गोल, काळवंडलेले चांदीचे जेबी घड्याळ निघते. ते चालत नसते. त्याची किल्लीही बहुधा हरवलेली असते. 'पणजोबांचे होते, विलायती आहे' यापलीकडे त्याच्याविषयी कोणी काही सांगू शकत नाही. तीन भावांना ते सारखेच हवे असते, किंवा तिघांनाही सारखेच नको असते. मग एकमताने ठरते : विकून टाकावे आणि पैसे वाटून घ्यावेत.

असे घड्याळ पहिल्यांदा जाते ते सराफाच्या पेढीवर. सराफाचा दोष नाही. त्याचा व्यवहार वजनाचा आहे. तो काच, तबकडी आणि आतले यंत्र वेगळे काढतो आणि उरलेली डबी तराजूत टाकतो. इंग्रजी बनावटीची डबी असेल तर हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी मिळते, आणि अशा डबीचे वजन साधारणतः पाच-सात तोळे भरते. त्या चांदीचा दिवसाचा भाव हातात पडतो आणि यंत्र कागदाच्या पुडीत बांधून परत मिळते. घरी आल्यावर ती पुडी मुलांच्या खेळण्यांत जाते. शंभर-सव्वाशे वर्षे एकत्र राहिलेल्या दोन वस्तूंची ताटातूट अर्ध्या तासात होते, आणि ती पुन्हा जुळत नाही. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव एका औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा पाश्चात्त्य देशांतही घराघरांतील जुनी चांदी भट्टीत गेली.

ही विलायती घड्याळे धानाच्या या मुलखात आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि इंग्रजी अमलात मध्य प्रांताचा. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे मीटर गेज लोहमार्ग टाकला गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने वाढवला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे अरुंद मार्ग निघाला, नंतर नागभीड-चांद्याकडेही फाटा गेला, आणि एका लहानशा वस्तीचे जंक्शन झाले. तांदूळ, लाख, तेंदूपाने, विडी यांचा व्यापार त्याच रुळांवरून वाढला. राजस्थान, गुजरात, कच्छ येथून आलेली कुटुंबे या गावात स्थिरावली ती याच काळात. मालाचा डबा केव्हा लागणार, गाडी केव्हा सुटणार, हे ज्याला ठाऊक त्याचा व्यवहार नीट, अशी स्थिती आल्यावर घड्याळ ही मिरवण्याची वस्तू राहिली नाही; तराजू आणि वही यांच्या रांगेत तिला जागा मिळाली. मिरवणेही होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. काळ्या कोटाच्या बटनापासून खिशापर्यंत झुलणारी चांदीची साखळी त्या काळच्या कितीतरी छायाचित्रांत दिसते.

त्यापूर्वी वेळ मोजली जात नव्हती असे मात्र नाही. घड्याळ हा शब्दच मुळी 'घटी'पासून आला. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. सामायिकाची ४८ मिनिटे म्हणजे अशा दोन घटिका, एक मुहूर्त. जैन घरांत सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर होता, आणि त्यासाठी आकाश व वाळूचे घड्याळ पुरत असे. विलायती घड्याळाने आणला तो दुसराच हिशेब, रेल्वेचा.

या हिशेबात गोंदियाची एक गंमत आहे. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. मुंबई आणि कलकत्ता या दोहोंच्या मधली म्हणून ती वेळ निवडलेली. मुंबईकरांना ती फार जाचे, कारण मद्रासची वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने पुढे होती. तेथे घरचे घड्याळ एक आणि स्टेशनचे दुसरे असा कायमचा द्राविडी प्राणायाम. गोंदिया मात्र मद्रासच्या जवळजवळ थेट उत्तरेला, ८० अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पलीकडे आहे. त्यामुळे येथील सरासरी स्थानिक वेळ आणि रेल्वेची वेळ यांत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नसे. स्टेशनवरील घड्याळाशी आपले घड्याळ जुळवणाऱ्या येथील व्यापाऱ्याला आपण मद्रासची वेळ खिशात घालून निघालो आहोत याचा पत्ताही लागला नसेल. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली आणि हेच काटे सुमारे ९ मिनिटे पुढे सरकवावे लागले. मुंबईने त्या बदलाला स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे दाद दिली नाही. गोंदियाला तक्रार करण्याचे कारणच नव्हते.

आता घड्याळाच्या आत डोकावू. एकोणिसाव्या शतकातील अस्सल इंग्रजी घड्याळ ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याची जाडी. त्या जाडीचे कारण 'फ्युझी' नावाचा भाग. घड्याळाची कमान पूर्ण गुंडाळलेली असते तेव्हा जोरात ढकलते, उलगडत आली की तिचा जोर ओसरतो. म्हणून साधे घड्याळ सकाळी पळते आणि रात्री रेंगाळते. यावर उपाय म्हणून कमानीच्या पिंपाशेजारी शंकूच्या आकाराचे एक चाक बसवत. त्यावर चढत्या वळ्यांत एक साखळी गुंडाळलेली असे. कमान जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकावर ओढ घेते, जोर कमी होतो तसतशी ती रुंद भागावर येते. तरफेच्या न्यायाने ओढ दिवसभर सारखी राहते. विहिरीवरील मोटेचा नाडा हातांनी ओढलेल्या पिढीला हे तत्त्व समजावून सांगावे लागले नसते.

ही साखळी वीतभर लांबीची आणि जाड दोऱ्याएवढी असते. भिंगाखाली धरली म्हणजे दिसते, की ती सायकलच्या साखळीसारखीच शेकडो लहान पत्र्यांना रिवेट मारून जोडलेली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च या गावात १७९० पासून हा उद्योग चाले, आणि तो करणाऱ्या बहुतेक स्त्रिया व लहान मुली असत. अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमांतूनही त्या आणल्या जात. डोळे जाईपर्यंत त्यांनी हे काम केले. साखळी खिशातल्या घड्याळात बंद राहिली आणि तिला बनवणाऱ्यांची नावे कोणत्याही तबकडीवर आली नाहीत. बाकीचे भागही एका छताखाली होत नसत. कच्चे यंत्र बहुधा लँकशायरमधील प्रेस्कॉटच्या परिसरात तयार होई. ते लंडनच्या क्लर्कनवेल वस्तीत किंवा कॉव्हेंट्रीत जाऊन पुरे होई. डबी कोणी तिसराच घडवी, तबकडीचा पांढरा मिना कोणी चौथाच भाजी. या हातकामाच्या पद्धतीचाच पुढे घात झाला. अमेरिकेत वॉल्थम येथील कारखान्याने यंत्रांवर एकसारखे सुटे भाग पाडायला सुरुवात केली, स्वित्झर्लंडने पातळ व स्वस्त घड्याळे काढली, आणि शतक संपेपर्यंत इंग्रजी घड्याळाचा धंदा ओसरला. ज्या काळात गोंदियात घड्याळे घेण्याची ऐपत आली, त्याच काळात ती करणारे इंग्लंडमध्ये कमी होत चालले होते.

म्हणूनच 'विलायती' म्हणून जपलेले प्रत्येक घड्याळ इंग्रजी असेलच असे नाही, आणि विकणाऱ्याने पहिली खातरजमा याचीच करावी. डबीचे मागील झाकण उघडले की आतल्या बाजूस बारीक छाप दिसतात. पुढचा उजवा पंजा उचलून डावीकडे चालणारा सिंह असेल, तर ती ९२५ नंबरची इंग्रजी चांदी. त्याच्या शेजारी शहराची खूण असते : लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर, तोही जहाजाचा, आपल्या शेतातला नव्हे; आणि चेस्टरसाठी तलवारीसह गव्हाच्या तीन पेंढ्या. तिसरा छाप एका अक्षराचा असतो आणि तोच सर्वांत बोलका. दर वर्षी हे अक्षर बदले. लंडनमध्ये वीस अक्षरांचे एक आवर्तन संपले की अक्षराची लिपी किंवा चौकटीचा आकार बदलून दुसरे सुरू होई. रोमन वळणाचा मोठा 'ए' १८७६ चा, त्याच वळणाचा लहान 'ए' १८९६ चा. अक्षर, त्याचे वळण आणि भोवतीची ढाल या तिन्ही गोष्टी पाहिल्यावरच वर्ष ठरते. नुसते अक्षर वाचून सांगणाऱ्याने वीस वर्षांची चूक केव्हाही करावी. चौथा छाप डबी घडवणाऱ्याच्या आद्याक्षरांचा असतो.

सिंहाऐवजी अस्वल दिसले तर ती स्विस चांदी. एक अस्वल म्हणजे ८७५, लहान-मोठी तीन अस्वले म्हणजे ९३५, आणि रानकोंबड्यासारखा पक्षी असेल तर ८००. परदेशी डबी इंग्लंडात आणून तेथे तपासली जाई तेव्हा १९०७ पासून तिच्यावर सिंह न मारता आयातीची वेगळी खूण मारू लागले. याहून फसवा प्रकार म्हणजे डबी बर्मिंगहॅमची, सिंह-नांगरासह, आणि आत यंत्र अमेरिकन वॉल्थमचे. यात लबाडी काही नाही. असा जोडव्यापार तेव्हा राजरोस चाले. लबाडी होती ती दुसरीकडे. लिव्हरपूलच्या टोबायस या नामवंत घराण्याचे नाव खोदलेली कितीतरी स्विस घड्याळे बाजारात आली आणि त्यांतली अनेक आजही अस्सल म्हणून विकली जातात.

तबकडीवरचे नाव हाही एक चकवा आहे. ते बहुधा दुकानदाराचे असते. लंडनचे जे. डब्ल्यू. बेन्सन किंवा शेफील्डचे जे. जी. ग्रेव्ह्ज यांनी टपालाने घड्याळे विकून नाव कमावले. आपल्याकडे मुंबईच्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव घरोघर पोहोचले, पण तिची घड्याळे स्विस. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे नाव असलेले घड्याळ बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरील घरात सापडावे हे स्वाभाविकच. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तासाला बाहेर येऊन टोले देणाऱ्या बाहुल्याचे घड्याळ पाहण्यासाठी जी गर्दी जमते, तेही याच पेढीचे. डबीवरचा क्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे मात्र अवश्य पाहावे. इंग्रजी कारागीर तोच आकडा बहुधा दोन्हीकडे कोरत असे. आकडे जुळले तर जोडी मूळची. नसेल तर कोणा दुरुस्ती करणाऱ्याने कधीतरी दुसऱ्याचे यंत्र यात बसवले.

एवढे सगळे जुळले म्हणजे लाखोंचे धन हाती आले, असे समजणे हा दुसरा टोकाचा भ्रम. साधे, किल्लीचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी चांदीचे घड्याळ दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये ती हजारोंनी बनली आणि आजही तेथील जुन्या बाजारात सहज मिळतात. मोडीच्या भावापेक्षा चालू घड्याळाला अधिक मिळते, निष्णात कारागिराच्या नावाला त्याहून अधिक. पण किंमत खऱ्या अर्थाने चढते ती घड्याळ कोणाचे होते या पुराव्याने. ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये महात्मा गांधींच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात चष्मा, चपला, वाटी-थाळी आणि झेनिथ कंपनीचे चांदीचे जेबी घड्याळ होते. लिलाव करणाऱ्यांचा अंदाज २० ते ३० हजार डॉलरचा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, केंद्र सरकारने हालचाल केली, विकणाऱ्याने ऐनवेळी माघार घेतल्याचेही जाहीर केले. तरी बोली लागली आणि उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या वतीने १८ लाख डॉलरला ती संपली. घड्याळ स्विस होते. तसेच घड्याळ दुसऱ्या कोणाचे असते तर त्याची दखलही घेतली गेली नसती. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये गांधीजींचे आणखी एक जेबी घड्याळ लिलावात आले. ते चांदीचा मुलामा दिलेले आणि मोडके होते. १९४४ मध्ये त्यांनी ते एका सुताराला भेट दिले होते. त्याला १२ हजार पौंड आले. मोडकेपणाने त्याची किंमत उतरली नाही, कारण घड्याळाबरोबर त्याची हकिकत आली होती.

सामान्य कुटुंबाच्या घड्याळाला असा थोर मालक नसतो, पण हकिकत असते, आणि व्यापारी घराण्यांत ती लिहिलेलीही असते. जुन्या वहीत घड्याळाच्या खरेदीची रक्कम, तिथी आणि पेढीचे नाव यांची एक ओळ असू शकते. कोणा पाहुण्याने लग्नात दिले असेल तर आहेराच्या यादीत नोंद मिळते. साखळी लावलेले पणजोबांचे छायाचित्र भिंतीवर असते. दुर्दैव असे, की वाटणीत घड्याळ एका भावाकडे जाते, छायाचित्र दुसऱ्याकडे, आणि वह्या रद्दीत. जो भाऊ घड्याळ विकायला निघतो, त्याच्या हाती उरते नुसती चांदी. मोडी किंवा महाजनी वाचणारा घरात कोणी उरला नाही म्हणून वही निरुपयोगी ठरवणे ही तर घाईच. ती वाचणारे अजून आहेत. वही एकदा रद्दीत गेली की मात्र वाचणाऱ्याचाही उपयोग नाही.

आणखी एक बाजू कायद्याची आहे, आणि ती व्यापारी घरांनी तरी दुर्लक्षू नये. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 'पुरातन वस्तू' या व्याख्येत येऊ शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तसे केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी तरतूद आहे. वस्तू मुळात इंग्लंडमध्ये झाली होती, ती आपण 'परत' पाठवतो आहोत, हा बचाव चालत नाही. मोबाइलवर छायाचित्र टाकताच परदेशातून चांगला भाव सांगणारा गिऱ्हाईक भेटतो आणि कुरिअरने पाठवा म्हणतो, तेव्हा हे ध्यानात असावे. वस्तू या व्याख्येत बसते की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवते. घरातील एखादी वस्तू विकणे आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत; व्यापाराला परवाना लागतो, म्हणून घेणाऱ्याकडे तो आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

विकायचे ठरलेच तर काही गोष्टी टाळाव्यात. पहिली म्हणजे किल्ली देऊन पाहण्याचा मोह. फ्युझीच्या घड्याळांना बहुधा डावीकडे, म्हणजे आजच्या सवयीच्या उलट दिशेने किल्ली द्यावी लागते. उत्साही नातवाने उजवीकडे जोर लावला तर शतकभर शाबूत राहिलेली साखळी क्षणात तुटते. तेल सुकून गोंद झालेले असते, तेव्हा घड्याळ आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावे आणि मगच चालवावे. तबकडीवरील केसासारख्या भेगा भरून काढू नयेत. चारच्या जागी चार उभ्या रेघा पाहून ती चूक समजू नये, जुन्या तबकड्यांवर चार तसाच लिहीत. साखळी वेगळी विकू नये. इंग्रजी चांदीच्या साखळीच्या प्रत्येक कडीवर चिमुकला सिंह असतो, आणि तो सापडला तर साखळी घड्याळाइतकीच अस्सल.

आणि झाकण चकचकीत करून घेऊ नये. काळवंडलेली चांदी घासली की आधी झिजतात ते छाप, आणि त्यांच्यासोबत आणखी काही. झाकणाच्या आतल्या बाजूस, भिंगानेच दिसाव्यात अशा, सुईने ओढलेल्या काही ओळी असतात. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर आपली खूण म्हणून तेथे तारीख, आकडा किंवा एखादे अक्षर कोरत. एका डबीत कधी अशा पाच-सहा नोंदी एकाखाली एक सापडतात. पहिली विलायतेतल्या हाताची, मधली मुंबई-कलकत्त्याकडची, शेवटची कदाचित गोंदियाच्याच बाजारातल्या कोणाची.